वाचून दाखवलेलं पान

एस्तेर उजागरेने इंटरनेटवर स्वतःचं पान उघडलं ते हौसेने नव्हे, नोकरीचा भाग म्हणून. नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर रघुनाथ सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथे ती शिकवायची. नव्व्याण्णव साल नुकतंच लागलं होतं. सरांनी जिन्याखाली 'वेबपेज बनवायला शिका' अशी पाटी लावली आणि तिला म्हणाले, "पोरांना दाखवायला नमुना लागेल. तुझंच एक पान करून टाक."

ब्लॉग हा शब्द तेव्हा आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हता, होमपेज म्हणायचे. फुकट जागा देणाऱ्या एका परदेशी साइटवर एस्तेरने ते केलं. मागे निळं आभाळ, कोपऱ्यात पंख हलवणारं फुलपाखरू, मधोमध नाव, शिक्षण, आवडता रंग, आवडता खेळाडू. खाली आल्यागेल्याने अभिप्राय लिहावा म्हणून गेस्टबुक आणि किती जण आले ते मोजणारा आकडा. पोरं शिकून गेली. पान राहिलं.

क्लास सुटला की एस्तेर रोज ते उघडून बघायची. आकडा वाढलेला दिसला की बरं वाटायचं. मग आठवायचं की यातले बरेचसे आपणच. तरी बंद करवत नव्हतं. आपल्या नावाची एक जागा जगात कुठेतरी उघडी आहे आणि ती अशी रिकामी पडली आहे, या गोष्टीने तिला उगाचच अपराधी वाटायचं. घरात दिवा जळत ठेवून बाहेर गेल्यासारखं.

डोंबिवलीच्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत ही बातमी पोचली तेव्हा पाळकसाहेब फारच खूश झाले. उपासनेनंतर तिला थांबवून म्हणाले, "एस्तेर बाळ, ही मोठी संधी आहे. रोज बायबलमधलं एक वचन टाक. कोण कुठे वाचेल सांगता येतं का?" तिने टाकली. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे सगळे दिवस न चुकता एकेक वचन. फुलपाखरू काढून क्रूस लावला. नागपूरच्या कुणीतरी गेस्टबुकात 'छान' असं लिहिलं, बस. वचनं खोटी नव्हती, पण ती तिथे कुणीही लावू शकलं असतं. पान उघडलं की तिला दुसऱ्याचे कपडे घालून उभं राहिल्यासारखं व्हायचं. ईस्टर झाल्यावर तिने तेही थांबवलं.

घरी तेव्हा वेगळंच चाललं होतं. तिचे बाबा, दीनानाथ उजागरे, मूळचे नगरकडचे. ठाकुर्लीच्या वीजघरात फिटर होते आणि ते बंद झाल्यावरही ठाकुर्लीतच राहिले. नोकरी फिटरची, पण लोक ओळखायचे ते त्यांच्या बोलण्यामुळे. पाळकसाहेब गावी गेले की उपदेश बाबा करायचे, आणि लोक आधी येऊन पुढच्या जागा धरायचे. आदल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. शब्द आत असायचे, पण तोंडाशी येईपर्यंत त्यांची अदलाबदल व्हायची. पाणी हवं असलं की बाबा 'चावी' म्हणायचे. आई, विमलाबाई, निमूट पाणी आणून द्यायची.

एका संध्याकाळी नेहमीप्रमाणे आई प्रार्थनेला बसली. सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला बाबांचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. एकही शब्द इकडचा तिकडे न होता, आमेनपर्यंत. आईने डोळे उघडले. एस्तेरने उघडले. बाबा स्वतःच चकित होऊन दोघींकडे बघत होते. त्यांनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, आणि निघालं ते पुन्हा भलतंच.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर एस्तेरने हे लिहून काढलं. मराठी, पण रोमन अक्षरांत, कारण देवनागरी फाँट दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की नुसत्या चौकटी दिसायच्या. सगळं लिहिलं. बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ, रात्री बदलाव्या लागणाऱ्या चादरी, आईची मोडून आलेली पाठ, आणि मग ती प्रार्थना. पान चढवलं आणि आकडा न बघता घरी गेली.

या वेळी मात्र लोक आले. शारजाहून एका नर्सने लिहिलं. न्यू जर्सीच्या एका गृहस्थांनी लिहिलं की त्यांच्या वडिलांचं असंच झालं होतं आणि ते तेव्हा तिथे नव्हते. आणि जुलैत एक मेल आली, बहारीनहून. लिहिणारा मोरेश्वर कोळी. घरी त्याला मोरू म्हणत. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत फिटर होता. तिथल्या स्टोअरमधला मराठी माणूस कॉम्प्युटरवर एस्तेरचं पान उघडायचा आणि चार जण मागे उभे राहून वाचायचे.

'तुम्ही वडिलांचं खरं लिहिता,' मोरूने लिहिलं होतं. 'माझी आई एकटी राहते. फोन शेजारी काकीकडे आहे. मी फोन केला की आई बरी हाय एवढंच बोलते. चार माणसं ऐकत असतात, मी तरी काय विचारणार? तुम्ही ठाण्यातच असता. एकदा जाऊन बघाल का? जसं दिसेल तसं पानावर लिहा, मी वाचीन.'

एस्तेरने ती मेल दोनदा वाचली. तिला बाबांचा एक उपदेश आठवला. न्यायाच्या शेवटच्या दिवशी राजा, म्हणजे प्रभू, लोकांना म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात, त्या उताऱ्यावर बाबा दरवर्षी बोलायचे आणि दरवर्षी एका ठिकाणी थांबायचे. "बघा हं," म्हणायचे, "मला बरं केलंत असं तो म्हणत नाही. आलात, एवढंच म्हणतो. एवढं तर आपल्यातल्या कुणालाही जमण्यासारखं आहे." इतके दिवस या पानाचं काय करायचं ते कळत नव्हतं. आता कुणीतरी स्वतःहून सांगत होतं. तिला वाटलं, याचसाठी ते उघडं राहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन बॅचेसच्या मधल्या वेळात ती रेल्वेचा पूल ओलांडून चेंदणीला गेली. विचारत विचारत घर सापडलं. दारात जाळं वाळत घातलेलं, आत सगुणाबाई जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. ठसठशीत बाई, काष्ट्याचं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण.

"कोन गो तू?"

"मी एस्तेर, मावशी. मोरूदादांनी पाठवलंय."

"माज्या मोरूनं? तो त तिकरं हाय." लसणाचा हात थांबला. "नाव कंचं बोललीस?"

"एस्तेर."

"किरिस्ताव?"

"हो."

"बाटवायला आयलीस काय?"

"नाही हो मावशी. तुम्हाला बघायला आले."

"बघ मंग," सगुणाबाई म्हणाल्या आणि तोंड तिच्याकडे करून बसल्या. "बघून घे."

तेव्हाच एस्तेरच्या लक्षात आलं की त्यांचं तोंड नेमकं तिच्याकडे नव्हतं. थोडं डावीकडे, जिकडून आवाज आला असं त्यांना वाटलं तिकडे होतं. चहा ओतताना त्यांनी कपाच्या कडेवरून बोट आत सोडलं. चहा बोटाला लागला तसं पातेलं सरळ केलं आणि पोळलेलं बोट लुगड्याला पुसलं. एस्तेर बघत राहिली.

"डोल्यावर परदा आयलाय," त्या म्हणाल्या, तिने काही विचारायच्या आत. "एक गेला, दुसरा चाललाय. मोरूला बोलू नको. बाप मेला तवा असाच धावत आयलेला, तिकरची नोकरी गेली. किती वर्सं घरी बसला. आता परत नाय."

एस्तेरने मान हलवली. ती हो म्हणून की नुसतीच, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. आणि समोरच्या बाईला ती दिसलीही नव्हती.

मधेच शेजारची एक बाई आली. झाकलेलं कालवण चुलीपाशी ठेवलं, एस्तेरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काही न बोलता गेली. "तुलसा," सगुणाबाई म्हणाल्या. "माजी जाव." मग पुन्हा मोरूच्या लहानपणाच्या गोष्टी निघाल्या. निघताना त्यांनी एस्तेरच्या हातात सुक्या कोळंबीचे मूठभर सोडे कोंबले.

संध्याकाळी ती लिहायला बसली तेव्हा सगुणाबाईंचं म्हणणं तिने विचारातच घेतलं नाही असं नाही. पण मुलाने खरं मागितलं होतं. डोळ्याचं लपवायचं म्हणजे त्याला फसवायचं. त्यातून कुणी आंधळं होऊ घातलंय ही काय लपवायची गोष्ट आहे? हे सगळं तिला बरोबर वाटलं, आणि काही प्रमाणात ते बरोबर होतंही. मग लिहिता लिहिता तिला लिहिण्याचाच आनंद चढत गेला. अंधारं घर. एकटी म्हातारी. चहात बुडालेलं बोट. शेवटची ओळ लिहून झाल्यावर तिने ती स्वतःशीच मोठ्याने वाचली. रघुनाथ सर जाता जाता मागे उभे राहून वाचत होते. "अगं, डोळ्यात पाणी आणलंस," ते म्हणाले. त्या रात्री एस्तेर खुशीत झोपली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा चेंदणीला गेली, येताना डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता घेऊन. दार लोटलेलं होतं. चूल गार होती.

"आयलीस?" सगुणाबाईंनी पावलांवरूनच ओळखलं. "बघायला?"

"काय झालं मावशी?"

"काय होनार? तू लिवलंस, मोरूनं वाचलंन. तुलसाच्या घरी फोन केलंन. माजी आय आंधली झायली, तुमी काय करत व्हता, असा बोलला. काकीला. तिचे सुना, तिचे नातवंडं, समदे ऐकत व्हते." त्यांचा आवाज चढला नाही. "ती दोन टाइम माजं कालवण करते गो. मासली इकून येते, आनि पयली माजे घरात येते. आंगोलीला पानी तीच काढून देते. तू आयलेलीस तवा बी ती आयलेली. तुला ती दिसली नाय?"

"दिसल्या."

"मंग?"

एस्तेरने डॉक्टरच्या पत्त्याचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"आता ती येत नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "तू लिवलंस मी एकटी हाय. मी एकटी नव्हती गो. आता हाय."

त्यांनी तिला हाकललं नाही. पण चहाही विचारला नाही. कोळीवाड्यात घरी आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे काय, ते एस्तेरला परत जाताना खाडीच्या कडेकडेने चालत असताना उमगत गेलं.

त्या दिवशी तिने शिकवलं कसं ते तिलाच माहीत. पान पुसून टाकायचं, हे तर ठरल्यासारखंच होतं. एक कळ दाबली की झालं. घरी आल्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेला ती बसली, पण आईबरोबर शब्द म्हणता म्हणता तिचं मन दुसरीकडेच होतं. लहानपणी संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा पाठ केल्या होत्या. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याबद्दलची आज्ञा तिला नेहमी सोपी वाटायची. ती कोर्टात उभं राहणाऱ्यांसाठी असणार. आपल्याला कधी कोर्टात जायचंय? आता तिने मनातल्या मनात पानावरचं एकेक वाक्य तपासलं. एकही खोटं नव्हतं. डोळा खरा, बोट खरं, पोळलेलं खरं. आणि सगळं मिळून ती खोटी साक्ष होती. एक बाई रोज भरलेलं भांडं घेऊन त्या घरात येत होती, आणि ती आली की गोष्ट तितकी करुण राहत नव्हती, म्हणून एस्तेरने तिला गाळलं होतं. मुद्दाम नव्हे. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

प्रार्थना संपली. तिने डोळे उघडले तर बाबा तिच्याकडे बघत होते. आणि मग तिला दुसरी गोष्ट सुचली, पहिलीपेक्षा जड. यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा यांना विचारलं होतं का?

दुसऱ्या दिवशी क्लासमधल्या प्रिंटरवर तिने बाबांबद्दलचं पान छापून घेतलं. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी खुर्ची ओढून बाबांच्या पलंगाशी बसली. "बाबा, मी तुमच्याबद्दल लिहिलं होतं. लोकांनी वाचलंय. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, नाही विचारलं. आता वाचून दाखवते. नको वाटेल तिथे थांबवा."

ती वाचत गेली. बाबा छताकडे बघत ऐकत होते. लाळेचं वाक्य आलं तेव्हा ते हलले नाहीत. चादरींचं वाक्य आलं, आणि त्यांचा डावा हात उचलला गेला.

"नको," बाबा म्हणाले.

स्वच्छ. जिथे हवा तिथे, हवा तो शब्द. कित्येक महिन्यांत एस्तेरने त्यांच्या तोंडून ठरवून बोललेला, बरोबर आलेला शब्द ऐकला नव्हता.

"ही ओळ, बाबा?"

"नको."

तिने पेनने ती ओळ खोडली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि बाबा शांत होते, वीजघरातल्या एखाद्या नवख्या पोराचं काम तपासत असावेत तसे. पुढचं तिने वाचलं. प्रार्थनेचा भाग आला तेव्हा त्यांनी बोटाने खूण केली: पुन्हा. तिने पुन्हा वाचला. आणखी एकदा खूण केली.

"माझ्या पाठीचं पण काढून टाक," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. ती सगळं ऐकत होती हे दोघांनाही कळलं नव्हतं. "मंडळीतल्या बायकांनी वाचलं तर जी ती तेलाच्या बाटल्या घेऊन येईल."

बाबा हसले. त्यांचं हसणं आता एकाच बाजूने व्हायचं, पण ते हसणंच होतं.

एस्तेरने पान पुसलं नाही. सगुणाबाईंबद्दलचं तेवढं काढलं, आणि सकाळी क्लासच्या आधी मासळी बाजारात गेली. तुळसाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, समोर पाटीत बोंबील आणि थोडी पापलेटं.

"मावशी, मी चुकले," एस्तेर उभ्याउभ्याच म्हणाली. "तुमचं नाव लिहायला हवं होतं. तुम्ही काय करता ते मी बघितलं होतं आणि लिहिलं नाही."

तुळसाबाईंनी वर पाहिलं नाही. बोंबलाची डोकी उडवत राहिल्या. "मना वाचता येत नाय. पन मोरू फोनवर काय बोलला ते समद्या आलीनं ऐकलं."

"मी परत लिहिते. या वेळी आधी तुम्हा दोघींना वाचून दाखवते. पटणार नाही ते काढू."

"पापलेट घेनार का नुसतीच बोलनार?"

एस्तेरने घेतलं. तुळसाबाईंनी ते साफ करून बांधून दिलं. ती वळली तेव्हा मागून आवाज आला, "बेस्तरवारी गिऱ्हाईक कमी असतं."

गुरुवारी दुपारी तुळसाबाई आल्या, पण घरात आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर पाटावर बसल्या, सगुणाबाईंकडे पाठ करून. सगुणाबाई आत. एस्तेर मधे, दारात, हातात कागद. असं कधी कुणाला वाचून दाखवावं लागेल हे तिला क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

"चेंदणीच्या अंधाऱ्या घरात..." तिने सुरुवात केली.

"थांब," सगुणाबाई म्हणाल्या. "अंधारा कशाला? तू दुपारची आयलीस, दुपारी मी लाइट लावत नाय. घरात उजेड हाय. तुलसा, हाय का नाय?"

तुळसाबाईंनी पाट आणखी एक वीत पलीकडे सरकवला.

एस्तेरने 'अंधाऱ्या' खोडलं. "एक म्हातारी..."

"म्हातारी कोन?"

"तुम्ही, मावशी."

"मी म्हातारी?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. "ती तुलसा माजेपेक्षा मोठी हाय, तिला लिव म्हातारी!"

"मी कशी मोठी?" तुळसाबाई गर्रकन वळल्या. "लगीन होऊन तू पयली आयलीस या घरात! मी तुजे मागून आयली!"

"आयली मागून, पन जन्माला पयली!"

बराच वेळ हे चाललं. एस्तेर कागद मांडीवर घेऊन बसली होती. वाद ज्या वेगाने वाढत होता त्या वेगाने तुळसाबाई उंबऱ्यावरून आत सरकत होत्या, आणि शेवटी त्या चुलीपाशी बसलेल्या दिसल्या. त्यानंतर लिहिणं असं राहिलंच नाही. दोघी बोलत होत्या आणि एस्तेर त्यांच्याच शब्दांत उतरवून घेत होती. कोण कुणाला पहिलं काय म्हणालं, कालवणात कोकम किती, मोरू लहानपणी खाडीत बुडता बुडता कसा वाचला आणि त्याला बाहेर कुणी ओढलं. ओढलं होतं तुळसाबाईंनी.

डोळ्याचं वाक्य आलं तेव्हा एस्तेर थांबली. "हे ठेवू का काढू, मावशी?"

सगुणाबाई म्हणाल्या, "त्याला ठाव झायलाच हाय, आता काढून काय? डोल्याचं लिव. पन असं लिव, का तुलसा माजेसंगती दवाखान्यात येनार हाय."

"मना इचारलंस?" तुळसाबाई म्हणाल्या.

"आता इचारते."

तुळसाबाईंनी उठून चहाचं आधण ठेवलं. एस्तेरने तो होकार धरला, पण तरीही विचारून घेतलं, आणि मगच लिहिलं.

ते पान आधीच्यासारखं झालं नाही. रघुनाथ सर वाचून म्हणाले, "पहिलं जास्त चांगलं होतं." तिलाही ते पटलं. पहिल्यात एक लय होती, या दुसऱ्यात दोन बायकांची भांडणं होती आणि कोकम होतं. पान चढलं त्याच दिवशी मोरूने काकीला फोन केला. काय बोलला ते या वेळीही सगळ्या आळीने ऐकलं, कारण तुळसाबाईंनी सगळ्यांना बोलावून फोनच्या भोवती बसवलं होतं.

दिवाळीनंतर सगुणाबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा एस्तेर तिथे होती. सगुणाबाईंनी तिला नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बारीक हायस गो. मना वाटलेलं जाडी असशील." डिसेंबरात मोरू रजेवर आला, तेव्हा आईने दिलेलं सुकट घेऊन क्लासमध्ये आला. सरांनी पंखे लावले, खिडक्या उघडल्या, तरी त्या दिवशीच्या बॅचची पोरं नाकाला रुमाल लावून शिकली.

दरम्यान आणखी मेल येत राहिल्या. बहारीनच्या गोदीतून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने मस्कतच्या भावाला सांगितलं असणार. कुणाची आत्या टेंभी नाक्यापाशी, कुणाचे सासरे डोंबिवलीत. सगळीकडे जाणं जमायचं नाही. जमेल तिकडे एस्तेर जायची. आधी बसायची, ऐकायची. मग लिहून पुन्हा जायची आणि वाचून दाखवायची. माणसं काय खोडायला लावतील याचा नेम नसायचा. एका आजोबांनी आपल्या आजाराचं सगळं राहू दिलं आणि आपण घरात बनियनवर असतो एवढंच काढायला लावलं.

मंडळीच्या तरुण संघात एकदा विषय निघाला. संघाचा सेक्रेटरी म्हणाला, "एस्तेरताई, तुमच्या पानावर आता वचन नाही, क्रूस नाही. प्रभूचं नावच नाही. मग ही सेवा कसली? हे तर समाजकार्य झालं."

हा प्रश्न एस्तेरने स्वतःलाही विचारला होता. "मी जाते ते त्याच्याच सांगण्यावरून जाते," ती म्हणाली. "तो नसता तर मी फुलपाखरू लावून बसले असते. पण तिथे गेल्यावर ज्याचं घर असेल त्याचं नाव लिहिते. सगुणामावशींच्या पानावर मी त्याचं नाव लिहिलं, तर ते त्यांना विचारल्याशिवाय लिहिल्यासारखं होईल."

सेक्रेटरीला ते पटलं असं नाही. सभा सुटल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "या आठवड्यात कुणाकडे जाणार आहेस?"

"कल्याणला. एक धोंडीबा म्हणून आहेत. मुलगा टोरोंटोला असतो."

"मी आलो तर चालेल? मी काही बोलणार नाही."

नाताळच्या आधीच्या शनिवारी दोघं गेले. धोंडीबा रेल्वेतून रिटायर झालेले, उंच, खांद्यात वाकलेले. दार त्यांनीच उघडलं. घर नीटनेटकं होतं, फक्त जेवणाच्या टेबलावर एकाच खुर्चीपुढची जागा पुसलेली होती. मुलाने पाठवलंय आणि एस्तेर पानावर लिहिते, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "या, बसा. पण एक सांगतो. माझ्याबद्दल काही लिहायचं नाही."

"नाही लिहिणार," एस्तेर म्हणाली.

"एक ओळसुद्धा नाही."

"नाही."

त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. मग त्यांनी चहा केला, स्वतः. मग इंजिनांबद्दल बोलले, वाफेच्या आणि नंतरच्या विजेच्या. मग बायकोबद्दल. मग मुलाबद्दल, आणि त्या दोघांत काय झालं होतं त्याबद्दल, आणि ते त्यांनी बहुधा याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाळकसाहेब म्हटल्याप्रमाणे काही बोलले नाहीत. निघताना धोंडीबांनी त्यांचे दोघांचेही हात हातात घेतले.

एस्तेरने मुलाला मेल केली: 'वडिलांना भेटले. त्यांच्याबद्दल काही लिहू नये असं त्यांनी सांगितलं आहे, म्हणून लिहीत नाही. तुम्हीच फोन करा.' त्या आठवड्यात पान होतं तसंच राहिलं.

घरी पोचली तेव्हा आई केकचं सामान काढत होती. बाबा उशीला टेकून बसले होते. आता प्रत्येक पान चढवायच्या आधी ती त्यांना वाचून दाखवायची, ती सवयच झाली होती. तिला पाहून त्यांनी कागदासाठी डावा हात पुढे केला.

"आज वाचायला काही नाही, बाबा," एस्तेर म्हणाली. "नुसती जाऊन आले."

बाबांनी तोच हात लांबवून शेजारची खुर्ची जवळ ओढली, आणि ती तिथे बसली.